आमचे नाना, आयएनएस कच्छल आणि नऊ डिसेंबर

रेवती_शिवडी | ५ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आमचे नाना, म्हणजे आईचे वडील, यंदा एक्क्याण्णव वर्षांचे झाले. मूळचे गुहागर तालुक्यातले. अठराव्या वर्षी नेव्हीत भरती झाले, इंजिनरूमच्या शाखेत, स्टोकर म्हणून. मध्ये लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकले आणि चीफ पेटी ऑफिसर होऊन बाहेर पडले. नंतर बरीच वर्षं गोदीतल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी केली. आता शिवडीला आमच्याकडेच असतात. वयाच्या मानाने तब्येत ठणठणीत, कान मात्र अधू झालेत. पहाटे चारला उठून बसतात, कारण चार ते आठचा वॉच, म्हणजे जहाजावरची पाळी, अंगात मुरलाय. गच्चीतल्या कपड्यांच्या दोऱ्या अजून तेच बांधतात, आणि त्यांनी मारलेली गाठ भर पावसाळ्यातही सैल पडत नाही.

काल नौदल दिन झाला. दर वर्षी या दिवशी नानांना कुठून ना कुठून बोलावणं येतं. कधी शाळा, कधी मंडळ, हल्ली व्हिडिओ करणारी मुलं. सगळ्यांना कराची ऐकायची असते, आणि ती गोष्ट आहेच तशी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाइल बोटी कराचीवर चालून गेल्या. या बोटी मुळात बंदराच्या आसपास राखण करण्यासाठी बनवलेल्या, पल्ला कमी, पण प्रत्येकीवर चार स्टिक्स क्षेपणास्त्रं. सोबतीला किल्तान आणि कच्छल ही दोन जहाजं. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडाली, आणि आपला एकही माणूस न गमावता सगळे परत आले. नाना त्या रात्री कच्छलच्या इंजिनरूममध्ये होते. हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो.

पण नानांचा डिसेंबर चार तारखेला संपत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री, पावणेनऊच्या सुमारास, दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरीला हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाणारा स्फोटक बाण, मारला. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्याच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. जे पाण्यात तरंगत राहिले त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं ते कच्छलने. म्हणजे कराचीच्या विजयात असलेलं तेच जहाज, तीच माणसं, आठवड्याच्या आत या कामाला लागली.

त्या सकाळबद्दल नाना आम्हा कुणाशीही कधी बोलले नव्हते. आईलाही ठाऊक नव्हतं. या वर्षी आपणहून बोलायला लागले, तेही तुकड्या-तुकड्यांनी. इंजिनरूममधून सुटलेल्यांना डेकवर मदतीला घेतलं होतं. वर येणारी माणसं फर्नेस ऑइलने काळी पडलेली, डोळे उघडता येत नव्हते. नानांकडे मशीन पुसायचं कॉटन वेस्ट होतं, त्यानेच ते तोंडं पुसत होते. एका पोराच्या हातात चहाचा मग दिला तर तो प्यायचा राहिला आणि मगही सोडेना. शेवटी नानांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मध्येच आम्हाला विचारतात, "पाण्यातले सगळे आले ना वर?"

आता माझं विचारणं असं आहे. हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. मामाचं म्हणणं, या वयात त्यांना पुन्हा त्या पाण्यात कशाला ढकलायचं? तुमच्यापैकी कुणी घरातल्या माजी सैनिकाच्या आठवणी नोंदवल्या असतील तर कसं केलंत ते सांगा. आणि खुकरी, तिच्या सोबतीला असलेली कृपाण किंवा कच्छलवर कुणाच्या घरचं कोणी होतं का?

---

निवृत्त_चीफ | ५ डिसेंबर, रात्री ११:३५

रेवतीताई, नानांना माझा कडक सॅल्यूट सांगा. मीही इंजिनिअरिंग शाखेचा, पण त्यांच्या कितीतरी नंतरचा.

कच्छल ही रशियन बनावटीची, 'पेट्या' नावाच्या जहाजांच्या वर्गातली. तिला तीन शाफ्ट, म्हणजे पाण्यातले पंखे फिरवणारे दांडे. मधला डिझेलवर, बाजूचे दोन गॅस टर्बाइनवर. टर्बाइन चालू झाली की खाली शेजारच्या माणसाच्या कानात ओरडूनही ऐकू जात नाही, सगळं हातवाऱ्यांनी चालतं. नानांचे कान कशाने गेले ते त्यावरून समजा.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर माझा एक अनुभव सांगतो. आमच्या जुन्या चीफना त्यांच्या मुलाने "युद्धाचं सांगा" म्हणून कॅमेऱ्यापुढे बसवलं. दोन वाक्यांत आटोपलं. इंजिनरूमच्या माणसाला वरचं काही दिसत नाही. वर जहाज चालवतात त्या ब्रिजवरून हुकूम येतो, वेग वाढवा, कमी करा, एवढंच कळतं. त्याला "काय पाहिलंत" विचारलं तर तो काय सांगणार? मग मी शेजारी बसून विचारलं, "चीफ, वॉचवर गेल्यावर पहिला हात कशाला लावायचात?" त्यावर ते दुपारभर बोलत होते. कुठला पंप गळायचा, कोण उलट्या करत उभा राहायचा पण वॉच सोडायचा नाही, गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, चहा खाली कसा यायचा. कामाचं विचारा, बाकीचं त्यातून येतं.

दुसरं, कागद. नौसैनिकांचं सेवा रेकॉर्ड मानखुर्दला चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं. नानांचा सर्व्हिस नंबर लागेल. डिस्चार्जचे कागद सापडत नसले तर मेडल काढून बघा. त्या युद्धाची पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल दोन्ही मिळालेली असणार. मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. भिंगाने वाचता येतं. ती पॉलिश करायला कुणाकडे देऊ नका, घासून घासून अक्षरं जातात.

---

गिरगाव_खोताचीवाडी | ६ डिसेंबर, सकाळी ८:०५

मी तेव्हा सहावीत होतो. ती मुंबई अजून डोळ्यांपुढे आहे. खिडक्यांच्या काचांना आईने खळ लावून काळे कागद डकवले होते. गाड्यांच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग. भोंगा वाजला की वाडीत सगळं चिडीचूप, आणि कुणाच्या घरातून उजेडाची फट दिसली तर खालून हाक यायची, "दुसरा मजला, दिवा!" कराचीची बातमी आली तेव्हा वाडीत पेढे वाटले होते. खुकरीची आली तेव्हा वडिलांनी रेडिओ बंद केला आणि कुणाशी न बोलता कामावर निघून गेले. का ते मला तेव्हा समजलं नव्हतं. त्यांचा एक मित्र नौदलात होता, तो कुठल्या जहाजावर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तो सुखरूप निघाला.

चार तारखेला गेटवेवर रोषणाई, बॅंड, हेलिकॉप्टरं, सगळं असतं, आणि असावंच. पण खुकरी आणि कृपाण निघाल्या त्या मुंबईहूनच. नऊ तारखेला या शहरात साधी चौकाचौकात एक पणती तरी लागायला हवी, असं मला इतकी वर्षं वाटत आलंय.

---

खवळलेला_दर्या | ६ डिसेंबर, सकाळी ११:२०

रेवतीताई, धागा फार महत्त्वाचा आहे. पण खुकरीबद्दल बोलायचं तर चुका कुणाच्या होत्या हेही बोललं पाहिजे. नव्या सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या, उपकरणाच्या चाचणीसाठी खुकरी कमी वेगाने चालली होती, पाणबुडीच्या शोधात असताना! आणि कृपाण तिथून निघून का गेली? नानांना याबद्दल काय वाटतं ते जरूर विचारा. त्या पिढीतली माणसं आता किती उरलीत?

---

निवृत्त_चीफ | ६ डिसेंबर, दुपारी १:४८

दर्या, तुमची तळमळ समजते, पण हा प्रश्न नानांसाठी नाही. चीफ पेटी ऑफिसरला त्या रात्रीचे हुकूम माहीत नव्हते, निर्णय त्याच्या हातात नव्हते. त्याच्या तोंडून निवाडा वदवून घेणं मला पटत नाही.

आता तुमच्या मुद्द्याचं. खुकरी आणि कृपाण या ब्लॅकवुड वर्गाच्या, तेव्हाही जुन्या झालेल्या. त्यांच्या सोनारचा पल्ला हंगोरच्या सोनारपेक्षा पुष्कळ कमी होता. हंगोर फ्रेंच बनावटीची, नवी, पाण्याखाली बॅटरीवर चालणारी. तिने आधी कृपाणवर टॉर्पेडो टाकला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. पाणबुडी जवळपास आहे, ती दिसत नाही आणि शेजारचं जहाज बुडालंय, अशा वेळी थांबून माणसं उचलायची म्हणजे स्वतः निशाणा व्हायचं. कृपाणच्या कॅप्टनने काय करायला हवं होतं यावर नौदलात पुढे खूप वाद झाले. अजून होतात. मी त्यात कुणाकडे बोट दाखवणार नाही. पुढचे काही दिवस हंगोरचा शोध घेतला, ती निसटली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेलं पहिलं युद्धजहाज म्हणून खुकरीचं नाव जगभर शिकवलं जातं.

---

सम्या_परळ | ६ डिसेंबर, रात्री ९:१५

मी इथं फक्त वाचत असतो, पण आज लिहितोय, कारण आमच्याकडे रेवतीताईंच्या अगदी उलट झालं.

माझे पणजोबा रॉयल इंडियन नेव्हीत होते. १९४६ चं नाविकांचं बंड झालं त्यात ते होते. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या तलवार या शिक्षण केंद्रातून सुरुवात झाली. निमित्त निकृष्ट जेवणाचं आणि गोऱ्या कमांडरच्या शिव्यांचं, पण भिंतींवर "छोडो भारत" आधीच लिहिलं गेलं होतं, त्यासाठी बी. सी. दत्त यांना पकडलं होतं. दोन-तीन दिवसांत मुंबईपासून कराचीपर्यंत वीस हजारांच्या आसपास नाविक त्यात उतरले. एम. एस. खान आणि मदन सिंग हे त्यांच्या समितीचे पुढारी. एक मुसलमान, एक शीख. कॅसल बॅरॅक्स या नाविकांच्या बराकीत गोळीबार झाला. गिरणगाव त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलं, २२ तारखेला परळला गोळीबारात कमल दोंदे गेल्या. मुंबईत दोनशेवर सामान्य माणसं मेली. २३ ला सरदार पटेलांच्या सांगण्यावरून नाविकांनी शरणागती पत्करली.

पणजोबांना नोकरीवरून काढलं. स्वातंत्र्य मिळाल्यावरही परत घेतलं नाही. ते गिरणीत लागले आणि पुढं चाळीस वर्षांहून जास्त जगले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी वर जे लिहिलंय ते सगळं मी मोठा झाल्यावर वाचनातून जमवलेलं आहे. त्यांचं स्वतःचं असं एकही वाक्य माझ्याकडे नाही. कुठल्या जहाजावर होते हेही घरात कुणाला सांगता येत नाही. रेवतीताई, मामांना हे वाचून दाखवा.

---

साधना_डॉक | ७ डिसेंबर, सकाळी ७:३०

मी ज्येष्ठांवरच उपचार करते, म्हणून थोडं त्या बाजूने. मामांची काळजी खोटी नाही. या वयात जवळचं विसरायला होतं आणि लांबचं उजळून येतं. पन्नास वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अचानक वर आली की माणूस रात्री घाबरा होऊ शकतो. पण ते आपणहून बोलताहेत, हे लक्षात घ्या. अशा वेळी विषय बदलला तर त्यांना वाटतं, ऐकायला कुणी तयार नाही.

सकाळची वेळ निवडा, न्याहारीनंतर. संध्याकाळी मुळीच नको. थोडंच बोलू द्या, आणि थांबायचं कधी ते त्यांनी ठरवावं. ऐकू येण्याचं यंत्र असेल तर आधी तपासून घ्या. मोबाइल टेबलावर उलटा ठेवून रेकॉर्ड करा, तोंडासमोर धरू नका. नंतर त्यांना एकटं सोडू नका. त्यांच्याबरोबर बाजारात जा, भाजी निवडायला बसा. आणि "सगळे आले ना वर?" या प्रश्नाला खोटं "हो" म्हणू नका. त्यांना खरं ठाऊक आहे. "तुम्ही उचलले ते आले, नाना," एवढं म्हणा. झोप उडाली, जेवण सुटलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

---

वसईची_अनु | ७ डिसेंबर, दुपारी १२:१०

निवृत्त_चीफ यांनी पेट्या वर्गाचं लिहिलंय त्यात एक भर. या जहाजांना आपल्या बेटांची नावं दिली होती, म्हणून या वर्गाला आपल्याकडे अर्नाळा वर्ग म्हणतात. आमचा विरारजवळचा अर्नाळा! कामोर्ता, किल्तान, कच्छल, अंजदीव ही सगळी बेटंच. जून २०२५ मध्ये नवी आयएनएस अर्नाळा विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली, तीही पाणबुड्या शोधण्यासाठीच. गावात तेव्हा सगळ्यांच्या फोनवर तिचेच फोटो होते.

१९७१ मध्ये कामोर्ताचे कॅप्टन होते मनोहर आवटी. पूर्वेच्या समुद्रात लढले, वीरचक्र मिळालं, पुढे व्हाइस ॲडमिरल झाले. निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला जाऊन राहिले, शेती केली, झाडं लावली. मुंबईत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटी त्यांनी सुरू केली. भारतीय माणसाने शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी हा त्यांचाच ध्यास. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ती म्हादेई या बोटीवरून पूर्ण केली तेव्हा आवटी ऐंशीच्या पुढे होते. २०१८ मध्ये ९१ व्या वर्षी गेले.

ॲडमिरल रामदासही तसेच. जन्म माटुंग्याचा, युद्धात बियास या जहाजाचे कॅप्टन, वीरचक्र, पुढे नौदलप्रमुख. नंतरचं आयुष्य अलिबागजवळ काढलं आणि भारत-पाकिस्तान शांततेसाठी झटले. मॅगसेसे मिळालं. मार्च २०२४ मध्ये नव्वदीत गेले. या मोठ्या माणसांवर लिहिलं गेलं, त्यांच्या मुलाखती झाल्या, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या जहाजांच्या पोटात जी माणसं होती त्यांच्यापैकी किती जणांचं म्हणणं आपल्याकडे आहे? नानांचं रेकॉर्डिंग झालं तर त्याची एक प्रत मेरिटाइम हिस्ट्री सोसायटीला द्यायचा विचार करा.

---

रेवती_शिवडी | १० डिसेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. सम्या, तुझी पोस्ट मामाला वाचून दाखवली. काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन नानांच्या शेजारी बसला.

चीफकाकांनी सांगितलं तसं कामाचं विचारलं. "वॉचवर गेल्यावर काय करायचात?" म्हटल्याबरोबर नाना खुर्चीत सरळ झाले. तेलाचं प्रेशर कसं बघायचं, तापमान कसं, हाताने खांब धरून थरथर कशी ओळखायची, सगळं आलं. चार तारखेच्या रात्री त्यांना खाली फक्त दूरवर गडगडल्यासारखं जाणवलं, आणि नंतर वरून कुणीतरी येऊन मिठी मारली तेव्हा काय झालं ते कळलं. मग एकदम नऊ तारखेवर आले. मी मध्ये बोलले नाही. त्यांनी सांगितलं की पाण्यातून आलेल्यांपैकी एक जण सारखा माफी मागत होता, डेक खराब होतोय म्हणून. अंगातून तेल गळत होतं ना. नाना त्याला म्हणाले, "अरे, डेक आम्ही रोजच धुतो." हे सांगताना रडले, पहिल्यांदाच आमच्यासमोर. मग म्हणाले, भूक लागली. व्यवस्थित जेवले आणि झोपले. साधनाताई, तुमच्या सूचनांचा फार उपयोग झाला.

आजीच्या ट्रंकेत एक कार्ड सापडलं. आजी तेव्हा गुहागरला होती. जहाज बुडाल्याचं तिला गावातल्या रेडिओवरून कळलं, पण नानांचं जहाज कुठं आहे ते माहीत नव्हतं. फ्लीट मेल ऑफिसचा शिक्का असलेलं हे कार्ड हातात पडेपर्यंत तिने काय दिवस काढले असतील! कार्डावर दोनच ओळी आहेत. "मी खुशाल आहे. भात झोडून झाला असल्यास कळवावे." दीवचा किंवा कच्छलचा उल्लेखही नाही. लिहायची परवानगीच नसणार.

एक व्यावहारिक प्रश्न. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी नानांचे बोटांचे ठसे मशीनवर उमटलेच नाहीत. वर्षानुवर्षं लोखंड हाताळून बोटं गुळगुळीत झालीत. दर वर्षी ही दगदग होते.

---

निवृत्त_चीफ | १० डिसेंबर, रात्री १०:४०

ताई, डोळे भरून आले. त्या माफी मागणाऱ्या पोराचं तेवढं नक्की लिहून ठेवा.

दाखल्याचं सोपं आहे. जीवन प्रमाणसाठी, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्यासाठी, आता चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, मोबाइलवर घरबसल्या होतं. पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ क्रमांक आणि आधार जवळ ठेवा. नानांना उजेडाकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगा.

आणि तब्येत साथ देत असेल तर एकदा दीवला घेऊन जा. समुद्रावरच्या टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाचं दुसरं जहाज आपल्या माझगाव डॉकमध्येच बांधलं होतं, १९८९ ला ते दाखल झालं. ते निवृत्त झाल्यावर तेही संग्रहालयासाठी दीवलाच दिलंय. मुंबईहून वेरावळला रेल्वेने जाता येतं, पुढे गाडी करा.

---

ठाण्याची_मीना | ११ डिसेंबर, सकाळी ६:५५

हा धागा रात्री वाचला आणि झोप लागली नाही. माझे सासरे खुकरीवर होते. ते परत आले नाहीत. सासूबाई तेव्हा पंचविशीत होत्या, माझे यजमान दीड वर्षांचे. त्यांना तार आली, नंतर मानाचे कागद आले, पेन्शन मिळाली. दीवलाही जाऊन आल्या. पण त्या सकाळी त्या पाण्यावर प्रत्यक्ष असलेल्या कुणाशी त्या आजवर बोललेल्या नाहीत. त्यांना काही वेगळं विचारायचं नाही. समुद्र कसा होता, शांत होता की खवळलेला, एवढंच विचारायचंय. हे त्या कित्येक वर्षं म्हणताहेत. नानांना त्रास होणार नसेल तरच सांगा. नाही म्हणालात तरी मनात काही येणार नाही.

---

रेवती_शिवडी | ११ डिसेंबर, सकाळी ११:१५

मीनाताई, तुमची पोस्ट नानांना मोठ्याने वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "माउलीला फोन लावून दे. नाहीतर मीच ठाण्याला जातो." मामा रविवारी गाडी घेऊन येतोय, तेव्हा आम्हीच येऊ. सासूबाईंना जिने चढ-उतार नको. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, त्यात माझा नंबर आहे. दहानंतरची वेळ चालेल का ते कळवा. आणि त्यांना सांगून ठेवा, नानांच्या डाव्या बाजूला बसायचं. उजव्या कानाने त्यांना काहीच ऐकू येत नाही.